लिंक उघडते, पण संदर्भ सापडतो का?

झिट्रेन, अल्बर्ट आणि लेसिग यांचा २०१४चा पेपर सांगतो की अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या निकालांमधल्या सुमारे निम्म्या लिंकवर मूळ मजकूर तेव्हाच सापडत नव्हता. पेपरची खरी ताकद निकषात आहे. लिंक उघडली म्हणजे झालं, असं ते मानत नाहीत. जे उद्धृत केलं तेच तिथं आहे का, हे बघतात.

उपाय मात्र अर्धाच वाटतो. पर्मा डॉट सीसी ग्रंथालयांच्या भरवशावर पानाची प्रत जपतं, पण ती लेखकानं वेळेत काढायला हवी. आधीच मेलेल्या लिंकचं काय?

माझ्या प्रबंधातल्या दोन लिंक परवा अशाच निघाल्या. एकीची प्रत वेबॅक मशीनवर मिळाली. दुसरीच्या आधारावरचं वाक्य मला काढावं लागलं.

तेव्हा, संदर्भ लिहाल त्याच दिवशी प्रत जपा.