डाग पडला, पण नेमका कशाचा?

पेपर हातात आला की आपण आधी निष्कर्षाकडे पळतो. आज उलटं करून बघा. स्लाइडवर तपकिरी रंग आला, म्हणजे विषाणू सापडला का?

स्तनाच्या कर्करोगात एपस्टाइन-बार विषाणू असतो का, हा वाद १९९० च्या दशकापासूनचा. काही गटांनी पीसीआर केलं, काहींनी गाठीचे काप अँटिबॉडीने रंगवले. त्यातली एक अँटिबॉडी म्हणजे २बी४. ती विषाणूच्या ईबीएनए१ या प्रथिनाला चिकटते.

२००३ मध्ये पॉल मरे आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. काही गाठी २बी४ ने रंगल्या होत्या, पण त्यांत विषाणूचा जीनोम मिळाला नाही. ही विसंगती लपवली नाही, थेट शीर्षकातच मांडली. या पेपरचं मोठेपण मला त्यातच वाटतं. उत्तर मिळालं २००६ मध्ये. २बी४ ही एमएजीई-४ या माणसाच्याच प्रथिनालाही चिकटते, आणि ते काही गाठींमध्ये तयार होतं. म्हणजे रंग खरा होता, त्याचा अर्थ चुकला.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली रंगवण्याचं काम मशीन करतं की! बरोबर. पॅराफिन काढण्यापासून हिमॅटॉक्सिलिनपर्यंत वेळ आणि तापमान सारखं राहतं. हा फायदा मोठाच आहे. पण अँटिबॉडी दुसऱ्याच प्रथिनाला चिकटत असेल, तर मशीन तीच चूक शंभर स्लाइडवर नेटकेपणाने करेल. दर वेळी सारखं उत्तर येणं वेगळं, ते बरोबर असणं वेगळं.

कंट्रोल होते ना? इथेच खरी गोम आहे. विषाणू असलेली ऊती २बी४ ने रंगणारच. अँटिबॉडी वगळलेली स्लाइड कोरीच राहणार. दोन्ही कंट्रोल पास, तरी निष्कर्ष चूक!

म्हणून दुसरी, स्वतंत्र पद्धत हवी. नुसतं पीसीआरही पुरत नाही, कारण बहुतेक प्रौढांच्या बी-लिम्फोसाइटमध्ये हा विषाणू असतोच आणि त्या पेशी गाठीत शिरलेल्या असू शकतात. ईबीईआर इन सिटू हायब्रिडायझेशन केलं, तर विषाणूचा आरएनए नेमका कोणत्या पेशीत आहे ते दिसतं.

पुढचा पेपर उघडाल तेव्हा मशीन कोणतं होतं हे नंतर बघा. आधी विचारा: ही अँटिबॉडी आणखी कशाला चिकटते, हे कुणी तपासलंय का?