दिव्यांच्या प्रांगणातील आलाप

हुणसूर रस्त्यावरचे हिनकल हे एके काळचे खेडे आता म्हैसूर शहराने जवळजवळ पोटात घेतले आहे. तेथील स्नेह्यांसमवेत दसऱ्यातील एका सायंकाळी राजवाड्याच्या प्रांगणात गाणे ऐकण्याचा योग आला. आम्ही चौघे, दोघे कानडी, दोघे मराठी. उघड्यावर ख्याल रंगत नाही, त्याला चार भिंती आणि शंभर जाणते कान हवेत, हे माझे जुने मत मी वाटेतच सांगून टाकले होते.

गायकाने पूरिया घेतला. विलंबित लयीत कोमल ऋषभावरून षड्जाकडे येण्याची वाट तो धीमेपणाने लांबवीत असतानाच राजवाड्यावरचे सुमारे लाखभर दिवे एकदम उजळले. सारा जनसमुदाय हर्षाने ओरडला आणि आमच्याही माना तिकडे वळल्या. पुन्हा समोर पाहिले तेव्हा गायक त्याच सुरावर होता. त्याने लय वाढविली नाही, की टाळी घेणारी तान फेकली नाही. कानडी मित्र हलकेच म्हणाला, "हलला तो नाही, आपण हललो."

या एका वाक्याने माझ्या मताचा पाया खचला. दोष मी आजवर मोकळ्या जागेच्या माथी मारीत होतो. तो निघाला श्रोत्याचा.

इतिहासही माझ्या बाजूचा नव्हता. अब्दुल करीम खाँ म्हैसूर दरबारी येत, कर्नाटक संगीत ऐकत, आणि तेथील सरगमचे संस्कार त्यांच्या गायकीत उतरले. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात एका लहानशा रेल्वे स्थानकावर त्यांचा अंत झाला. अखेरच्या घटकेला फलाटावरच तंबोरा जुळवून ते गायले, असे सांगतात. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी गदगचे. ज्या गाण्याला आपण मराठी मंडळी 'आपले' म्हणतो, त्याची मुळे अशी कानडी मातीत आहेत. भीमसेनांनी गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात १९५३ साली सुरू केलेला महोत्सवही मांडवाखालचाच. तेथे हजारो माणसे रात्र रात्र बसत. पुढे ध्वनिवर्धकाच्या वेळेवर निर्बंध आले आणि उत्तररात्रीच्या रागांची जागा आक्रसली. म्हणजे त्या महोत्सवाचे नुकसान झाले ते मैदानामुळे नव्हे, घड्याळामुळे.

एक मात्र मान्य केले पाहिजे. उत्सव डोळ्यांचा असतो आणि आलाप कानांचा. दोघांना एकाच क्षणी बोलावले तर आलाप हरतो. दिवे लागण्याच्या सुमारास वाद्यवृंद किंवा भजन असावे, आणि डोळे निवल्यावर विलंबित ख्याल यावा, एवढा विवेक कार्यक्रम आखताना अशक्य नाही. एरवी राजवाड्याच्या अंगणात सर्वांना मोकळेपणी बसून ऐकता यावे, यासारखी संगीताची दुसरी प्रतिष्ठा नाही. एके काळी हे गाणे दरबारात बसण्याचा मान असलेल्यांसाठी होते. त्या सायंकाळी माझ्या शेजारी फुगे विकणारा एक पोरगा ऐकत उभा होता. दिवे लागले तेव्हा त्याने मान वळविली होती की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी स्वतःच तेव्हा दिव्यांकडे पाहत होतो.