झऱ्याचा ताळेबंद

४८६. अमेरिकन परिसंस्थाशास्त्रज्ञ हॉवर्ड टी. ओडम यांनी १९५७ साली ‘इकॉलॉजिकल मोनोग्राफ्स’ या नियतकालिकात फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्यावर दीर्घ शोधनिबंध लिहिला. झऱ्यातली ऊर्जा कुठून येते आणि कुठे जाते हे नळ्यांनी दाखवणाऱ्या त्यातल्या मुख्य आकृतीत हा आकडा येतो. तो पावाचा आकडा आहे. काचेच्या तळाच्या होड्यांतून झरा बघायला येणारे प्रवासी माशांना पाव टाकत. तो पाव दर चौरस मीटरला वर्षाकाठी ४८६ किलोकॅलरी भरला. दुसऱ्या एखाद्या अभ्यासकाने माणसाच्या हातचा म्हणून तो सोडून दिला असता. ओडम यांनी तो जमेत धरला. माशाच्या पोटात गेलं ते झऱ्यात आलं, मग ते कुणाच्याही हातून येवो. ही नोंद वाचली की बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

सिल्व्हर स्प्रिंग्ज हा ओकाला गावाजवळचा प्रचंड झरा. जमिनीखालच्या चुनखडकातून पाणी वर येतं आणि नदी होऊन वाहू लागतं. पाण्याचं तापमान बारा महिने तेवीस अंश सेल्सिअसच्या आसपास, विरघळलेले क्षारही जवळजवळ तेवढेच. तळाशी सॅजिटेरियाची लांब, पट्ट्यांसारखी पानं प्रवाहात डोलतात आणि त्या पानांवर शैवालाचा जाड थर असतो. पाणी इतकं नितळ की तळ स्पष्ट दिसतो. निसर्गात सहसा सगळंच एकदम बदलतं, म्हणून कशामुळे काय झालं ते सांगणं अवघड जातं. इथे वर्षभरात उन्हाखेरीज जवळजवळ काहीच बदलत नाही. जागेची ही निवडच मला निम्मं संशोधन वाटते.

पाण्यातल्या वनस्पती किती अन्न तयार करतात हे मोजायची रूढ पद्धत बाटल्यांची होती. नॉर्वेच्या गार्डर आणि ग्रान यांनी १९२७ साली ती मांडली. एक बाटली पारदर्शक, एक काळी, दोन्हींत तेच पाणी. उजेडातल्या बाटलीत ऑक्सिजन तयारही होतो आणि वापरलाही जातो, काळीत नुसता वापरला जातो. दोन्हींतला फरक म्हणजे एकूण निर्मिती. पद्धत सुंदर आहे, पण बाटलीत तळाची पानं मावत नाहीत, त्यांवरचा शैवालाचा थर मावत नाही, कासव तर नाहीच नाही. ओडम यांनी बाटली बाजूला ठेवून सगळा झराच मोजायला घेतला. पाणी जमिनीतून बाहेर येतं तेव्हा त्यात ऑक्सिजन थोडा असतो. तिथे एक नमुना घ्यायचा आणि खाली, प्रवाहाच्या दिशेने, दुसरा. मधल्या पट्ट्यात पाण्यात ऑक्सिजनची जी भर पडली किंवा घट झाली, ती त्या पट्ट्यातल्या सगळ्या जिवांची मिळून. रात्री नुसता श्वास चालतो, त्यामुळे रात्रीच्या फरकातून वस्तीचा श्वास कळतो. दिवसाच्या फरकात तो मिळवला की एकूण निर्मिती हाती येते. कुणाला उपटायचं नाही, मारायचं नाही, कोंडायचं नाही. जाता जाता पाणीच सगळं सांगून जातं.

ऑक्सिजन मोजायची रीत मात्र जुनीच, हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी १८८८ साली दिलेली. आपल्याकडे रसायनशास्त्राच्या किंवा प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ती प्रॅक्टिकलला केलेली असते. काचेच्या बुचाची बाटली पाण्याने काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. मँगनस सल्फेट घालायचं, मग अल्कलीयुक्त आयोडाइड. बाटलीत तपकिरी साका धरतो. ऑक्सिजन जितका जास्त तितका त्याचा रंग गडद, आणि ऑक्सिजन नसेलच तर साका पांढराच राहतो. आम्ल टाकलं की साका विरघळून पाणी पिवळं होतं. ब्यूरेटमधून थायोसल्फेट सोडत गेलं की पिवळा रंग फिका पडतो. मग स्टार्चचे थेंब घालताच पाणी गर्द निळं होतं, आणि एका शेवटच्या थेंबाला तो निळा रंग नाहीसा होतो. तो थेंब कुठे पडला त्यावर हिशोब. ओडम यांच्या आकृतीतले हजारांचे आकडे अशाच थेंबांवर उभे आहेत.

आता आकृतीकडे येऊ. सगळे आकडे दर चौरस मीटरला वर्षाकाठी किलोकॅलरीत. ऊन पडतं १७,००,०००, त्यातलं वनस्पती शोषतात ४,१०,०००, आणि अन्नाच्या रूपात बांधलं जातं ते २०,८१०. शोषलेल्या उन्हाच्या साधारण पाच टक्के. त्यातलेही ११,९७७ वनस्पती स्वतःच श्वासात खर्च करतात. शाकाहारी जिवांकडे येतात ३,३६८, त्यांना खाणाऱ्यांकडे ३८३, आणि सगळ्यांत वरच्या शिकाऱ्यांकडे २१. आकृतीतल्या नळ्या अशा बारीक होत जातात आणि प्रत्येक पायरीवरून श्वासाची एक नळी बाहेर पडते. पाठ्यपुस्तकांत ही उतरंड नेहमी छापतात. मला मात्र आकृतीतली खरी मजा विघटकांच्या चौकटीत वाटते. जिवांच्या कोरड्या वजनाचा तक्ता शेजारी ठेवून बघावं. चौरस मीटरला वनस्पती ८०९ ग्रॅम, शाकाहारी ३७, मांसाहारी ११, वरचे शिकारी दीड ग्रॅम आणि विघटक अवघे ५ ग्रॅम. आणि श्वास? शाकाहाऱ्यांचा १,८९०, विघटकांचा ४,६००. सदतीस ग्रॅम गोगलगायी, कासवं आणि मासे मिळून जेवढं जाळतात, त्याच्या अडीचपट पाच ग्रॅम बॅक्टेरिया आणि त्यांचे सोबती जाळतात. काचेच्या होडीतून बघणाऱ्याला मासे दिसतात, कासव दिसतं. झऱ्यातला हा मोठा खर्च त्याला दिसणं शक्यच नाही.

मग बेरीज करून बघावी, हा माझा आग्रह आहे. जमा: वनस्पतींची निर्मिती २०,८१० आणि पाव ४८६, मिळून २१,२९६. खर्च: वनस्पतींचा श्वास ११,९७७, शाकाहाऱ्यांचा १,८९०, मांसाहाऱ्यांचा ३१६, वरच्या शिकाऱ्यांचा १३, विघटकांचा ४,६००, मिळून १८,७९६. प्रवाहाबरोबर खाली वाहून गेलेले कण २,५००. दोन्ही मिळून २१,२९६. ताळा बसतो, आणि तो पावाशिवाय बसत नाही.

इतका नेमका ताळा बसलेला पाहून सावध वाचक थोडा थबकेल, आणि थबकावंच. एखादी नोंद थेट मोजलेली असते, एखादी बाकीच्यांवरून काढलेली. वाहत्या पाण्याचा पृष्ठभागही हवेशी देवघेव करतच असतो. पाण्यात ऑक्सिजन कमी असला तर तो हवेतून आत शिरतो, जास्त असला तर बाहेर जातो. ही देवघेव वजा केल्याशिवाय जिवांचा हिशोब निघत नाही, आणि तिचा गुणांक ठरवणं हा या पद्धतीचा कच्चा दुवा आहे. पण ओडम पायरी न लपवता गणित करतात. ज्याला शंका असेल त्याने आकडा बदलून पुन्हा मांडावा, अशी त्यात सोय आहे. विज्ञानाच्या लेखनात याहून मोठा गुण मला माहीत नाही.

हीच नजर त्याआधी समुद्रावर पडली होती. १९५४ साली हॉवर्ड आणि त्यांचे मोठे बंधू युजीन प्रशांत महासागरातल्या एनिवेटोक प्रवाळबेटावर गेले. तिथे अमेरिकेच्या अणुचाचण्या चालत आणि अभ्यासाला पैसा अणुऊर्जा आयोगाचा होता. लाटांनी आत ढकललेलं पाणी प्रवाळभिंतीवरून सरोवराकडे वाहतं. पाणी भिंतीवर चढण्याआधी एकदा ऑक्सिजन मोजायचा, ओलांडून आल्यावर पुन्हा. अशी मोजणी रोंगेलाप बेटावर सार्जंट आणि ऑस्टिन यांनी १९४९ साली प्रसिद्ध केली होती. ओडम बंधूंना भिंतीवरची निर्मिती आणि तिथला श्वास जवळजवळ समसमान आढळले. पोषकद्रव्यांचा दुष्काळ असलेल्या समुद्रात इतकी गजबजलेली वस्ती कशी टिकते, याचं उत्तर त्या समतोलात शोधलं जाऊ लागलं.

सिल्व्हर स्प्रिंग्जवर मोजणी पुढेही झाली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ओडम यांच्याच एका विद्यार्थ्याने ती केली आणि या शतकाच्या सुरुवातीला आणखी एका गटाने. भूजलातून येणारं नायट्रेट मधल्या काळात खूप वाढलं आहे. झऱ्याची नदी ज्या ओक्लावाहा नदीला मिळते, तिच्यावर १९६८ साली धरण झालं आणि समुद्राकडून वर येणाऱ्या माशांची वाट अडली. मलेट आणि कॅटफिश फार कमी झाले. ओडम यांनी चौरस मीटरमागे ग्रॅम आणि किलोकॅलरी लिहून ठेवले नसते, तर पूर्वी इथे मासे खूप होते, एवढंच जुन्या होडीवाल्यांच्या तोंडून ऐकायला मिळालं असतं आणि ते किती होते याची नोंद कुठेच नसती.