मुद्रा कोणाची?

गेल्या नाताळाच्या आधीची गोष्ट. आमच्या धर्मग्रामाच्या गायनवृंदातील दोन तरुण मनीषनगरातील माझ्या घरी आले. स्वतः रचलेली काही गाणी ध्वनिमुद्रित करून लोकांपुढे आणावीत, असा त्यांचा मानस होता आणि त्यासाठी त्यांना माझा सल्ला हवा होता. मी म्हटले, "गाणी ऐकवा." त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यावर जोडगोळीचे इंग्रजी नाव होते, एक बोधचिन्ह होते, काळे चष्मे लावून काढलेली छायाचित्रे होती. गाणी मात्र अजून अर्धवट होती. "सर, आधी नाव तर व्हायला पाहिजे नं," त्यांतला एक म्हणाला. मी चिडलो. कला आणि बाजार या विषयावर एक छोटेसे प्रवचन त्यांना ऐकवले. चहा संपवून ती मुले मुकाट्याने निघून गेली.

त्या रात्री जुन्या कॅसेटींचा डबा उघडला. फार वर्षांपूर्वी सीताबर्डीवर घेतलेली रेमो फर्नांडिस यांची एक कॅसेट हाती आली आणि माझ्या प्रवचनातील उणीव माझ्याच ध्यानात आली. सच्चा कलावंत म्हणून ज्यांचे नाव मी त्या मुलांना सांगितले असते, ते रेमो आपल्या गाण्यांचे स्वतःच विक्रेतेही होते.

रेमो यांचा जन्म १९५३ सालचा. मुंबईच्या सर जे. जे. महाविद्यालयात त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले. परंतु ओढ गाण्याची. १९८४ साली त्यांचा 'गोअन क्रेझी' हा गीतसंग्रह आला. तो कोणत्याही मोठ्या कंपनीच्या स्टुडिओत तयार झाला नव्हता. एकाच फितीवर चार स्वतंत्र पट्टे मुद्रित करणारे एक साधे यंत्र त्यांनी घरी आणले. एका पट्ट्यावर गिटार, दुसऱ्यावर ताल, मग बासरी, मग आवाज, अशी सगळी वाद्ये आणि सगळे स्वर त्यांनी एकट्याने एकावर एक चढविले. वेष्टनाची सजावटही स्वतःच केली, आणि तयार कॅसेटी स्कूटरवर घालून ते गोव्यातील दुकानांतून पोहोचवीत फिरले. पाठोपाठ १९८५ मध्ये 'ओल्ड गोअन गोल्ड' आला. त्यात गोव्याची जुनी गाणी नव्या साजात होती. १९८६ च्या 'पॅक दॅट स्मॅक'मध्ये त्यांनी अमली पदार्थांच्या विळख्यावर थेट बोट ठेवले.

या माणसाला बाजाराचे वावडे होते असे कसे म्हणावे? गवई, वादक, तंत्रज्ञ, चित्रकार, व्यापारी आणि हमाल या सर्व भूमिका त्यांनीच वठविल्या. परंतु एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. येथे गाणे आधी होते, वेष्टन नंतर आले आणि वेष्टनावरचे चित्रही गाण्याच्याच मातीतून उगवले. त्यांची इंग्रजी गाणी लंडनच्या किंवा अमेरिकेच्या गायकाची उसनी जीभ लावून गायिलेली नाहीत. गोव्याच्या घरात, बाल्कांवावर बसून जी इंग्रजी बोलली जाते, जिच्यात कोकणीचे हेल आणि पोर्तुगीज आठवणी मिसळलेल्या असतात, ती भाषा त्यांत ऐकू येते. त्यामुळे ती गाणी खेळकर असली तरी पोकळ वाटत नाहीत.

पुढे १९९० साली पेप्सी हे पेय भारतात आले. केवळ परदेशी नावाने माल विकण्यास त्या वेळी मुभा नव्हती, म्हणून बाटलीवर 'लेहर पेप्सी' असे जोडनाव झळकले. त्याच्या जाहिरातीत जूही चावला यांच्याबरोबर रेमो दिसले. घराघरांतून त्यांचा चेहरा ओळखीचा झाला तो तेव्हा. अनेक चाहत्यांना ते रुचले नाही. गोव्याचा बंडखोर गायक एका शीतपेयाच्या दावणीला बांधला गेला, असा त्यांचा आक्षेप होता. मीही तेव्हा त्याच मताचा होतो.

आज हा निवाडा मला घाईचा वाटतो. कलावंताने पैसे घेतले किंवा नाही, एवढ्याने त्याचा सच्चेपणा ठरत नाही. कामकऱ्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे. पैसे घेतल्यानंतर त्याने कोणते शब्द गिळले, हे पाहावयास हवे. रेमो यांच्या बाबतीत उत्तर दुहेरी आहे. जाहिरातीनंतर दोनच वर्षांनी, १९९२ मध्ये, त्यांनी राजकारण्यांची खिल्ली उडविणारा 'पॉलिटिशियन्स डोन्ट नो टू रॉक अँड रोल' हा संग्रह काढला. म्हणजे जीभ शाबूत होती. त्यानंतरचा 'ओ मेरी मुन्नी' हा १९९८ चा हिंदी संग्रह मात्र ऐकावा, तो कानाला गोड लागतो आणि ऐकून संपतो. त्या गाण्यांतून गोवा नाहीसा झाला आहे. ती दिल्लीत किंवा लुधियान्यात जन्मली असती तरी काही बिघडले नसते. उणेपणा आहे तो येथे, आणि तो कोणत्याही कंपनीने लादलेल्या अटीपेक्षा सूक्ष्म आहे. अधिक लोकांना रुचावे म्हणून कलावंत स्वतःच आपल्या गाण्यातून आपले गाव हलकेच पुसून टाकतो.

याच्या उलट टोकाचे उदाहरण १९९५ सालच्या 'मेड इन इंडिया'चे. अलिशा चिनॉय यांचा आवाज, बिद्दू यांचे संगीत. उपग्रह वाहिन्या नुकत्याच घरोघरी येऊ लागल्या होत्या, आणि चित्रपटाच्या आधाराविना एक गाणे देशभर गाजू शकते, हे त्याने सिद्ध केले. हे श्रेय नाकारता येणार नाही. तथापि त्या गाण्यात देश कोठे आहे, असे विचारले तर तो शीर्षकात आणि सजावटीत सापडतो. चित्रफितीत मिलिंद सोमण एका लाकडी खोक्यातून बाहेर येतात; मालाप्रमाणे बांधलेला नायक! कदाचित दिग्दर्शकाने ते गंमत म्हणून योजिले असेल, परंतु त्या दशकातील पॉप संगीताचे इतके नेमके वर्णन दुसरे सापडणार नाही. तेथे छाप आधी ठरली आणि गाणे तिच्या मापाने बेतले गेले.

छाप जेव्हा कलावंताच्या हाती नसते, तेव्हा काय घडते हे लोर्ना कोर्देरो यांच्या जीवनात दिसते. मुंबईच्या चर्चगेट परिसरातील रात्रीच्या उपाहारगृहांत साठच्या दशकात हा आवाज घुमत होता. ख्रिस पेरी यांच्या ट्रम्पेटने आणि रचनांनी तो घडविला. जॅझचा जोम आणि कोकणी शब्दांचा लडिवाळपणा यांचा तसा संगम पुन्हा झाला नाही. मात्र पुढे ती साथ तुटली, आणि लोर्ना दोन दशकांच्या आसपास रंगमंचावरून दिसेनाशा झाल्या. १९९५ मध्ये त्या परतल्या, तेव्हा गोव्यातील श्रोत्यांनी त्यांना जणू घरची माणसे परत यावीत तसे स्वीकारले. इतकी वर्षे त्यांचा फलक कोठे नव्हता, जाहिरात नव्हती. 'नाचूं-या कुंपासार' या बार्द्रोय बार्रेतो यांच्या चित्रपटाने ती गाणी पुढल्या पिढीपुढे आणली, ती तर त्याहूनही नंतर. मधल्या काळात लग्नघरांतून आणि स्वयंपाकघरांतून लोकच ती गुणगुणत होते.

या दोन्ही गोमंतकीय कलावंतांच्या मागे एक जुनी परंपरा उभी आहे. गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविले जाई. तेथे शिकलेल्या घराण्यांतूनच मुंबईच्या चित्रपटसृष्टीला वादक आणि संयोजक मिळाले. ज्या मुलाला त्या शाळेत स्वर लावायला शिकविले, त्याला आधी स्वतःचे बोधचिन्ह काढ असे कोणी सांगितले नव्हते.

आता पुन्हा माझ्याकडे आलेल्या त्या दोन तरुणांविषयी. रेमो यांना जे यंत्र सायासाने मिळवावे लागले, त्याहून सरस यंत्र आज त्यांच्या खिशात आहे. त्यांना कंपनीचे उंबरे झिजवावयाचे नाहीत, दुकानांतून स्कूटरने फिरावयाचे नाही. तरीही ते भ्यालेले होते, हे माझ्या रागाच्या भरात मला दिसले नाही. हजारो आवाजांच्या गर्दीत आपल्याकडे कोणी पाहणारच नाही, ही ती भीती. ज्याला ऐकणारा मिळण्याची खात्री नाही, तो गाण्याआधी चष्मा लावतो. त्यांना प्रवचनाऐवजी एक श्रोता हवा होता, आणि नेमका तोच मी त्यांना दिला नाही.

नाण्यावर कोणाची मुद्रा आहे, हा प्रश्न आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. गाण्यालाही तो विचारता येतो. वरचे नाव, छायाचित्र, चिन्ह खरवडून काढले, तर खाली कोणाचा चेहरा उरतो? 'गोअन क्रेझी'च्या खाली एक गाव उरते. लोर्ना यांच्या आवाजाखाली एक आयुष्य उरते. मनीषनगरच्या गाण्याखाली काय उरेल? एके काळी रेल्वे फाटकापाशी ताटकळणारी माणसे, मे महिन्याच्या झळा, वऱ्हाडी बोलीतला तो 'नं', आणि मराठी, तमिळ, मल्याळी, कोकणी अशा घरांतून येऊन एका सुरात प्रार्थना करणारी आपली कुटुंबे. यांतले काहीही अजून कोणी गायिलेले मी ऐकलेले नाही.

परवा त्या मुलांना मी निरोप पाठविला. अर्धवट गाणी तशीच घेऊन या, असे सांगितले. त्यांच्या जोडगोळीच्या नावाबद्दल मी काही बोलणार नाही. गाणे पुरे झाले, म्हणजे ते नाव ठेवायचे की बदलायचे, हे त्यांचे त्यांनाच कळेल.