श्रिया कुठं गेली? ओडिया ‘लक्ष्मीपुराणा’ची उलटतपासणी

मार्गशीर्षातल्या गुरुवारी आपल्या वस्तीतसुद्धा काही घरांत कळस मांडलेला दिसतो. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली चौरंगावर लक्ष्मी. पोरं चिडतात, आईशी भांडतात, दार आपटून बाहेर पडतात. पुढच्या गुरुवारी पुन्हा कळस. मित्रहो, नुसत्या चिडण्यानं पोथी मरत नाही. ती वाचावी लागते. आणि वाचायचीच तर आधी ओडिशातली वाचू, कारण तिथल्या पोथीत पहिल्याच प्रसंगात आपल्यातली एक बाई उभी आहे.

ओडिया पंचांगात सणवारांना तोटा नाही. ज्येष्ठ अमावास्येला सावित्री, जूनच्या मध्याला ‘रज’, म्हणजे धरणीला विटाळ आला म्हणून तीन दिवस नांगर बंद. आषाढात रथ, भाद्रपदात पश्चिम ओडिशात नव्या भाताची ‘नुआखाई’, कार्तिकात विधवा-म्हाताऱ्यांचं हविष. कार्तिकी पौर्णिमा सरली की तिथला मार्गशीर्ष लागतो, आपल्या पंधरा दिवस आधी. मग दर गुरुवारी ‘माणबसा’. माण म्हणजे धान मोजायचं माप. ते नव्या भातानं भरायचं, तांदळाच्या पिठानं अंगणात लक्ष्मीची पावलं काढायची, उपास धरायचा आणि घरच्या बाईनंच ‘लक्ष्मीपुराण’ वाचायचं. भटजीची गरज नाही. पुराण संस्कृतात नाही, ओडियात आहे. सोळाव्या शतकातल्या बलराम दासाचं. पंचसखांपैकी हा एक, शूद्र कवी. पुजाऱ्यांनी त्याला जगन्नाथाच्या रथावरून हाकलून दिलं, अशी आख्यायिका आहे.

आता गोष्ट ऐका. गुरुवारी पहाटे लक्ष्मी म्हाताऱ्या बामणीच्या वेशात पुरीत फिरते. सगळं नगर झोपलेलं. फक्त गावाबाहेर श्रिया चांडाळुणी जागी. तिनं घर सारवलंय, रांगोळी काढलीय, पूजा मांडलीय. लक्ष्मी तिच्या घरात जाते, वर देते. हे जगन्नाथाच्या थोरल्या भावाला, बलभद्राला कळतं. हाडीच्या घरी गेलेली बायको देवळात नको, असं तो बजावतो. जगन्नाथ थोडी गयावया करतो आणि भावाचं ऐकतो. लक्ष्मी अंगावरचे दागिने उतरवून निघते. जाताना शाप देते : बारा वर्षं अन्न मिळणार नाही, चांडाळुणीच्या हातचं खाल तेव्हाच पोट भरेल.

आणि तसंच होतं. दोघे देव बामण बनून दारोदार भीक मागतात. कुणी घालत नाही. शेवटी समुद्रकाठी एका घरी येतात. घर चांडाळाचं आहे म्हटल्यावर शिधा आणि नवी मडकी मागतात, आमचं आम्ही रांधू म्हणतात. चूल पेटत नाही. पोट जात बघत नाही. मुकाट्यानं शिजलेलं अन्न खातात. घर लक्ष्मीचंच असतं. ती अट घालते : जगन्नाथाच्या दारी बामणापासून चांडाळापर्यंत सगळ्यांनी एकत्र जेवायचं.

सोळाव्या शतकात देवाला भीक मागायला लावणं, सोवळ्याची चूल विझवणं ही लहान गोष्ट नाही. बलराम दासाला त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. विटाळाचा सगळा पोकळ डौल तो भुकेच्या एका फटक्यात उतरवतो. अभ्यासक या पुराणाला जातीविरुद्धचा आणि बायकांच्या बाजूचा ग्रंथ म्हणतात, ते उगीच नाही.

पण माझा प्रश्न साधा आहे. श्रिया कुठं गेली?

वर मिळाला आणि ती गोष्टीतून गायब. पुढचं सगळं भांडण नवरा, बायको आणि दीर यांचं. शेवटी देवांना जेवायला वाढते ती लक्ष्मी. चांडाळुणीचं फक्त नाव वापरलंय, हात लक्ष्मीचेच. श्रियाच्या हातचा एक घाससुद्धा देवाच्या तोंडात गेलेला नाही. तिला मागायला सांगितलं तेव्हा कवीनं तिच्या तोंडून काय मागवलं? गाई, धन, मुलगा. देवळाचा रस्ता नाही, गावात घर नाही, हातातला झाडू सुटावा हेही नाही.

आणि झाडूचंच बघा. हाडी म्हणजे सगळ्या गावाची घाण काढायचं काम जिच्या गळ्यात बांधलं ती जात. जी साऱ्या गावाचा केर काढते, तिच्या घरात झाडलोट झालीय की नाही हे लक्ष्मी तपासायला येते! घर सारवलं तर धन, नाही सारवलं तर दारिद्र्य. जमीन कुणाची, धान कुणाच्या मापानं मोजलं, मजुरी कुणी बुडवली, काही विचारायचं नाही. गरिबी म्हणजे बाईचा आळस, एवढंच.

आता ती अट पोथीबाहेर लावून बघा. पुरीच्या आनंदबाजारात महाप्रसादाला बामण-शूद्र एका हंडीतलं खातात, हे खरं. पण रांधणार सुआरच, आणि अस्पृश्य कैक शतकं दाराबाहेर. १८८१ साली महिमा धर्माचे लोक मूर्ती बाहेर काढून जाळायच्या म्हणून पुरीच्या देवळात शिरले. झटापटीत त्यांच्यातला एक मेला. १९३८ साली कस्तुरबा त्या देवळात जाऊन आल्या तेव्हा गांधीजी दुखावले, कारण दार अस्पृश्यांना बंद होतं. म्हणजे पोथीतली अट लिहून तोवर चारेकशे वर्षं झाली होती! केंद्रापाडा जिल्ह्यातल्या केरडागडला तर जगन्नाथाचं दर्शन दलितांनी भिंतीच्या भोकांतून घ्यायचं. आत जायला २००६ साल उजाडलं, त्यालाही हायकोर्ट आणि पोलीस लागले. घरोघरी बायका दर गुरुवारी श्रियाची गोष्ट वाचत होत्या, आणि श्रियाच्या लेकी भोकातून बघत होत्या. पोथी वाचून बंदोबस्त उठत नाही.

आपल्याकडच्या गुरुवारच्या पोथीत तर श्रियाही नाही. भद्रश्रवा राजा, सुरतचंद्रिका राणी, शामबाला राजकन्या. म्हातारीच्या वेशातल्या लक्ष्मीचा राणी अपमान करते आणि राज्य जातं. सगळा राजवाड्यातला मामला. त्यात आपण कुठं आहोत? कळस मांडणारीनं हे एकदा स्वतःला विचारावं.

काही मित्र म्हणतील, ओडिया पोथी बरी, ती आपली म्हणून घेऊ. घ्या, वाङ्‌मय म्हणून घ्या. बलराम दास आपला दूरचा भाऊबंद आहे. पण व्रत म्हणून नको. त्यानं देवाला आपल्या दारात आणलं, आपल्याला माणूस म्हणून गावात आणलं नाही. बाबासाहेबांनी पंचांगातली विजयादशमीच उचलली, अशोकाची केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला ते दार आपल्यामागं बंद करून टाकलं. आपण वर मागितला नाही, रस्ता बदलला.

तेव्हा येत्या मार्गशीर्षात आईशी भांडू नका. विहारात आयाबायांना बोलवा. दोन्ही गोष्टी सांगा. सांगून झाल्यावर एवढंच विचारा, श्रिया कुठं गेली? उत्तर त्याच देतील. झाडू त्यांच्या हातात होता.