खोडलेल्या ओळींचे वाङ्मय

लेखकाने काय लिहिले, एवढेच टीकाकार बहुधा पाहतो. त्यास काय लिहू दिले नाही, याकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. युद्धातील सैनिकांच्या पत्रांविषयी लिहिताना मात्र हा दुसरा प्रश्न टाळता येत नाही.

ब्रिटिश फौजेत एक छापील कार्ड असे. प्रकृती ठीक आहे, इस्पितळात आहे, पत्र पोचले, अशी वाक्ये त्यावर तयार असत. शिपायाने नको ती खोडावयाची आणि खाली तारीख व सही घालावयाची. अधिक काही लिहिल्यास कार्ड नष्ट होई. लेखकाचे सारे कर्तृत्व खोडण्यातच! स्वहस्ते लिहिलेल्या पत्रावरही सेन्सॉरची नजर होतीच. मग 'येथील सर्व क्षेम' या ठराविक ओळीखेरीज उरणार काय? विद्वान तीस साचेबंद म्हणतील. आम्हांस तसे वाटत नाही. बाकी सारे सांगण्याची बंदी असता 'क्षेम' या एका शब्दावर जेवढा भार पडतो, तेवढा पुष्कळ काव्यांतील शब्दांवरही पडत नाही.

या पत्रांशेजारी इटलीतील पार्टिझानांची पत्रे ठेवून पाहावीत. सप्टेंबर १९४३ मधील तहानंतर जर्मनांनी तो देश व्यापला, तेव्हा कामगार, शेतकरी, विद्यार्थी शस्त्र घेऊन डोंगरांत गेले. पकडले गेलेल्या अनेकांनी मरणापूर्वी घरी अखेरची पत्रे लिहिली. मालवेत्सी व पिरेल्ली यांनी ती जमविली आणि १९५२ साली तुरीनच्या एइनाउदी प्रकाशनगृहाने त्यांचा ग्रंथ काढला. लिहिणारे साहित्यिक नव्हते. आईची समजूत घालणे, क्षमा मागणे, एवढेच त्यांचे विषय. तरीही इटलीने त्या कागदांस आपल्या वाङ्मयात मानाची जागा दिली.

त्याच भूमीवर मराठे लढले. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात पडले व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी झाले. इटलीतील मोंतोने गावाने २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ छायाघटिका उभारली. परक्या गावाने आपले ऋण फेडले, आमचे काय? घाडग्यांच्या पराक्रमाची सरकारी हकीकत इंग्रजीत आहे. हिंदी शिपायांच्या पत्रांतील उतारे सेन्सॉरच्या अहवालांत उरले आहेत, तेही इंग्रजी भाषांतरात. ज्या मराठीत शिपायाने आपली काळजी लपविली, ती मराठी तेथे नाही.

ती असलीच तर घरांत आहे: तारेला ओवलेल्या कागदांत, पेटीच्या तळाशी. आमच्या सौंदडास काय किंवा माणगावास काय, जुने घर पाडताना असे कागद रद्दीत जावयास वेळ लागत नाही. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी ते मिळवून, शुद्धलेखन न सुधारता, जसेच्या तसे छापावेत. अशुद्ध अक्षरांतील 'क्षेम' वाचावयास शिकणे, ही आमच्या रसिकतेचीच परीक्षा होय.