'फाउंडेशन अँड अर्थ' : मूळ सूत्रापासून ढळलेली कादंबरी

मराठी विज्ञानसाहित्य प्रामुख्याने कथेच्या अंगाने वाढले. जयंत नारळीकरांची 'कृष्णविवर' ही कथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पुरस्कृत झाली. पुढे त्यांनी कादंबऱ्याही लिहिल्या. परंतु दीर्घ कादंबरीमालेची परंपरा येथे फारशी रुजली नाही. अशा मालेचे गुणदोष पाहू इच्छिणाऱ्या मराठी अभ्यासकाला म्हणूनच आयझॅक असिमोव्ह यांच्या 'फाउंडेशन'कडे वळावे लागते.

१९५१ ते १९५३ या काळात ग्रंथरूपाने आलेल्या पहिल्या तीन भागांचे सामर्थ्य एका कल्पनेत आहे. वायूच्या एका रेणूची गती सांगता येत नाही, संपूर्ण वायूचे वर्तन मात्र सांगता येते. तद्वतच व्यक्तीचे नव्हे, तर अफाट मानवसमूहाचे भवितव्य गणिताने वर्तविता येईल, ही हारी सेल्डनची धारणा. 'म्यूल' हा अद्भुत मनःशक्तीचा एकटा पुरुष ही योजना उधळून लावतो. पण तो अपवाद असतो आणि अपवादानेच नियमाचे गांभीर्य वाढते.

जवळजवळ तीस वर्षांनी, १९८२ मध्ये, 'फाउंडेशन्स एज' आली व तिला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. १९८६ ची 'फाउंडेशन अँड अर्थ' मात्र निराशा करते. येथे साऱ्या आकाशगंगेचा निर्णय गोलन ट्रेव्हिझ या एकाच माणसाच्या अंतःप्रेरणेवर सोपविलेला आहे. म्हणजे जो अपवाद होता, तोच नियम झाला! पृथ्वीच्या शोधातील प्रवासही ठरावीक साच्याचा : ग्रहावर उतरणे, संकट, सुटका, पुढचा ग्रह. अरोरावर रानटी कुत्री, मेलपोमिनियावर जीवघेणे शेवाळ. त्यात ट्रेव्हिझ आणि ब्लिस यांचा 'व्यक्ती की समष्टी' हा वाद पुढे न सरकता पुनःपुन्हा घोळवला जातो.

सोलारियाचा भाग तेवढा निराळा. यंत्रमानवांच्या ताफ्यात एकेकटे राहणारे, परस्परांचा सहवासही असह्य झालेले तेथील उभयलिंगी जीव व्यक्तिवादाचे टोक दाखवितात; तेथे विचार घटनेतून प्रकटतो, संवादातून लादला जात नाही.

शेवटी चंद्रावर डॅनील हा सहस्रावधी वर्षांचा यंत्रमानव भेटतो आणि मानवी इतिहासामागे त्याचाच हात असल्याचे कळते. यंत्रमानवांच्या कथा व 'फाउंडेशन' यांची सांधेजोड झाली खरी, परंतु इतिहासाला नियम असतात की सूत्रधार, हा मूळ प्रश्न त्या सांधेजोडीत सूत्रधाराच्या बाजूने निकालात निघाला. यानंतर असिमोव्ह कथानकाच्या पुढे गेलेच नाहीत. १९८८ आणि १९९३ चे भाग सेल्डनच्या पूर्वायुष्याकडे वळले. सहस्र वर्षांची योजना निम्म्यावरच राहिली.